बिलिंग सॉफ्टवेअरमधले शिळे दर

शिरूर अनंतपाळमध्ये दुकान टाकताय? मग हे आधी बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. पण बिलिंग सॉफ्टवेअर नवे दर रोज सर्व्हरवरून आणेलच असं नाही. एकदा उतरवलेली यादी ते कॉम्प्युटरवर साठवतं, म्हणजे कॅशे करतं, आणि तीच वापरत राहतं. नेट नसलं तरी बिल झटपट निघतं, हे खरं. पण यादी शिळी झाली तरी ते गप्पच! गिऱ्हाईकाकडून जास्तीचा कर घेतलात तर तो सरकारकडे भरावाच लागतो. गिऱ्हाईक तुटतं ते वेगळंच. म्हणून माझं स्पष्ट मत: दरयादी कोणत्या तारखेची आहे हे स्क्रीनवर न दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी घेऊ नका. डेमो द्यायला कुणी आलं की आधी ती तारीख दाखवायला सांगा, किंमत मग विचारा.