गिझरचा प्लग आणि रात्रभराची गाडी

गेल्या रमजानमधली गोष्ट. सेहरीसाठी अम्मी उठल्या आणि त्यांनी आम्हाला हाक मारली, "अरे, काहीतरी जळतंय, बघ!" स्वयंपाकघरात गॅस अजून पेटलाही नव्हता. वास पडवीतून येत होता. तिथे आमची बॅटरीवरची गाडी इशानंतर चार्जिंगला लावलेली. स्विच बंद करून प्लगला हात लावला तर चटका बसला. पिन ओढून काढली, तेव्हा सॉकेटचं एक भोक तपकिरी होऊन वाकलं होतं. आग लागली नाही, अल्हमदुलिल्लाह.

सकाळी वायरमन आले. पहिला प्रश्न, "हा प्लग कशासाठी बसवला होता?" आम्ही म्हटलं, गिझरसाठी. ते हसले. "गिझर किती वेळ चालतो? वीस मिनिटं. आणि गाडी?" गाडी दहा तास.

सगळी गोम इथेच आहे. गाडीसोबत मिळणारा साधा चार्जर साधारण ३.३ किलोवॅटचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर तो १४-१५ अँपिअर वीज ओढतो. जाड पिनांचं सॉकेट १६ अँपिअरचं, म्हणजे कागदावर चालतं. पण ३० युनिटांची बॅटरी पूर्ण भरायला नऊ-दहा तास लागतात आणि तेवढा वेळ सॉकेटला उसंत नाही. आतली पितळी पकड जरा सैल असली की तिथे उष्णता साठत जाते. गिझर बंद झाल्यावर ती निवते, गाडीच्या बाबतीत निवायला वेळच मिळत नाही.

मग एमसीबी का पडला नाही? हे आम्हीही विचारलं. एमसीबी बघतो तो वीज जास्त ओढली जाते का, किंवा शॉर्ट झालंय का. सैल पकडीत वीज तेवढीच वाहते, फक्त जागा तापते. त्याला ते कळत नाही. नाकालाच कळतं.

भिंत उघडल्यावर आणखी एक गोष्ट निघाली. त्या प्लगला दीड एमएमची वायर होती आणि तिच्यावरच वॉशिंग मशीनही जोडलेलं. वायरमननी मीटरच्या बोर्डापासून गाडीसाठी वेगळी लाइन टाकली: चार एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि घट्ट पकडीचं नवं सॉकेट. वायर स्वस्त मिळते म्हणून बारीक घेऊ नका, एवढंच आम्ही सांगू. एक्स्टेन्शन बोर्ड, किंवा जाड पिन बारीक सॉकेटात बसवणारा अडॅप्टर, यांचं तर नावही काढू नये. बारीक पिनांचं सॉकेट सहा अँपिअरचं असतं.

आता अर्थिंग. इथे आम्हाला वाचकांना जरा थांबवायचं आहे, कारण जिवावर बेतणारी चूक इथे होते. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, किंवा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो. पंखा, फ्रिज तक्रार करत नाहीत. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर लाल दिवा दाखवून अडून बसतो. मग कोणीतरी हुशार माणूस सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतो. चार्जर फसतो, गाडी चार्ज होऊ लागते, सगळे खूश. पण त्या लाइनवर कुठे न्यूट्रल तुटली, तर गाडीच्या पत्र्यात थेट वीज उतरू शकते. अंगणात मुलं खेळत असतात, गाडीला टेकून उभी राहतात. असा "जुगाड" करून देणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं आणि अर्थिंगचा खड्डा नव्याने करून घ्यावा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण निराळी. घरी आपल्या चालू जोडणीवर गाडी चार्ज करायला केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुभा आहे. पण मंजूर भार पुरतो का, ते आधी बिलावर बघा. एसी, गिझर आणि गाडी एकाच वेळी चालणार असतील तर भार वाढवण्याचा अर्ज द्यावा. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली वायर आम्ही पाहिली आहे. सोसायटीशी बोलून आपल्या मीटरवरून पार्किंगपर्यंत नीट पाइपातून लाइन न्यावी.

रोजच्या वापरात आम्ही आता काय करतो? चार्जरचा डबा सॉकेटला लोंबकळू देत नाही. त्याच्या वजनाने पिन खाली ओढली जाते. त्यासाठी भिंतीत एक खुंटी मारली आहे. चार्जिंग लावून अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघतो: कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बंद. गाडीत अँपिअर कमी करायची सोय आहे, म्हणून १० वर ठेवतो. वेळ वाढतो, पण उष्णता जवळजवळ निम्मी होते. आणि रोज शंभर टक्के भरायची गरजच काय? बाजार, शाळा, नोकरी एवढंच फिरणं.

ते वाकलेलं सॉकेट अम्मींनी फेकू दिलं नाही. परवा शेजारच्या भाभी मुलाच्या स्कूटरचं चार्जिंग कुठे लावावं हे विचारायला आल्या, तेव्हा अम्मींनी तेच त्यांच्या हातात दिलं. रविवारी वायरमन त्यांच्याकडे जाणार आहेत.