गाणे त्याचे, पियानो तिचा



"मुलाला गाण्याचा नाद लागला आहे, कामाधंद्यात लक्ष नाही, त्याला काय सांगावे?" अशी विचारणा या पानाकडे वरचेवर होते. मुलीबद्दल असे कोणी विचारत नाही. तिला नाद लागला तर त्याचा निकाल घरच्या घरी, चुलीपाशीच लागतो. या विचारणेला आम्ही आजवर उत्तर दिलेले नाही, कारण हातावर पोट असलेल्या घराला "स्वप्नामागे धाव" असा सल्ला देणे सोपे असते आणि तो निभावणे त्या घराच्या वाट्याला येते. परंतु नुकताच आम्ही एक जुना चित्रपट पुन्हा पाहिला. तो पाहताना ही विचारणा सारखी आठवत राहिली, म्हणून आज त्याविषयी लिहितो.

चित्रपटाचे नाव 'वन्स'. तो आयर्लंडचा, डब्लिन शहरात घडणारा आणि २००७ साली पडद्यावर आलेला. लेखक-दिग्दर्शक जॉन कार्नी. नायक आहे, नायिका आहे, प्रेमही आहे. पण दोघांना शेवटपर्यंत नावे नाहीत. तो आणि ती, एवढेच.

तो बापाच्या छोट्या दुकानात व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करतो. व्हॅक्यूम क्लीनर म्हणजे घरातला केर ओढून घेणारे यंत्र. तिकडे ते घरोघर असते, म्हणजे आपल्याकडच्या मिक्सर-पंखे दुरुस्तीसारखाच हा धंदा. उरलेल्या वेळात तो भर बाजारात रस्त्यावर उभा राहून गिटारवर गातो. पुढे गिटारची पेटी उघडी ठेवलेली असते, येणारे-जाणारे तीत नाणी टाकतात. दिवसा तो लोकांच्या ओळखीची गाणी म्हणतो, कारण पैसे त्यांनाच मिळतात. स्वतः रचलेली गाणी तो रात्री, रस्ता ओस पडल्यावर म्हणतो. चित्रपटाच्या सुरुवातीलाच एक नशेबाज पोरगा ती पेटी पैशांसकट उचलून पळतो. नायक त्याला गाठतो, झाडतो आणि शेवटी त्यालाच थोडे पैसे देऊन सोडतो. गरिबाने गरिबाची केलेली चोरी इतक्या साधेपणाने क्वचितच दाखवली जाते.

ती परदेशातून, चेक देशातून आलेली. २००४ साली चेकसह पूर्व युरोपातले अनेक देश युरोपीय संघात आले आणि आयर्लंडने त्या लोकांना लगेच कामाची मुभा दिली. त्या लाटेत पुष्कळ कष्टकरी डब्लिनला आले. ती त्यांच्यातलीच एक. रस्त्यावर फुले विकते, लोकांच्या घरची साफसफाई करते. घरी म्हातारी आई आणि लहान मुलगी. नवरा मायदेशी राहिलेला, दोघांचे पटत नाही. तिच्या खोलीत टीव्ही आहे आणि शेजारपाजारचे लोक मालिका पाहायला तिथेच येऊन बसतात. हे दृश्य पाहून आमच्या घरातले जुने दिवस आठवले. चाळीत एकाच्या घरी टीव्ही आणि दारात चपलांचा ढीग!

एका रात्री तो स्वतःचे गाणे म्हणत असताना ती समोर येऊन उभी राहते, दहा सेंटचे नाणे टाकते आणि प्रश्न विचारू लागते. हे गाणे कोणी लिहिले? दिवसा का म्हणत नाहीस? तो यंत्रे दुरुस्त करतो हे कळताच दुसऱ्या दिवशी ती आपला बिघडलेला क्लीनर, एखादे कुत्रे साखळीने न्यावे तसा, भर रस्त्याने ओढत घेऊन येते. हसू येते, पण त्यात एक व्यवहार आहे. तिला यंत्र दुरुस्त करून हवे आहे आणि त्याला कोणीतरी ऐकायला हवे आहे.

तिला पियानो येतो. विकत घेण्याची ऐपत नाही. वाद्यांच्या दुकानाचा मालक दुपारच्या सुट्टीत तिला तिथला पियानो वाजवू देतो, तेवढीच तिची साधना. त्याच दुकानात तो तिला आपले गाणे शिकवतो आणि दोघे प्रथमच एकत्र गातात. गाऱ्हाणे नाही, भाषण नाही. दोन कष्टकरी माणसे जेवणाच्या सुट्टीत गातात.

पुढे तो तिला रात्री थांबतेस का म्हणून विचारतो. ती रागावून निघून जाते. दुसऱ्या दिवशी तो माफी मागतो, आणि ती मैत्री तोडत नाही. नंतर समुद्राकाठी फिरताना तो तिला तिच्याच भाषेत विचारतो, "नवऱ्यावर तुझे प्रेम आहे का?" ती चेक भाषेत उत्तर देते, आणि त्याचा अर्थ चित्रपट पाहणाऱ्यालाही सांगत नाही. अर्थ असा की माझे प्रेम तुझ्यावर आहे. त्याला तो कळत नाही, ती पुन्हा सांगत नाही. एवढेच काय ते प्रेमाचे बोलणे. (पालकांसाठी एक सूचना: संभाषणात शिव्या पुष्कळ आहेत. लहान मुलांना घेऊन बसू नये.)

आता मुद्दा पैशाचा. लंडनला जायचे तर गाणी नीट ध्वनिमुद्रित करून हवीत. त्यासाठी दोघे कर्ज मागायला बँकेत जातात. तिथले साहेब गाणे ऐकतात, मग स्वतःच गिटार काढून आपले गाणे ऐकवतात आणि कर्ज मंजूर करतात! असे साहेब आमच्या तरी नशिबी आले नाहीत. तुमच्यापैकी कोणाला भेटले असतील तर जरूर कळवावे. स्टुडिओचे भाडे घासाघीस करून कमी करते ती. साथीला घेतात रस्त्यावरचेच वादक. ध्वनिमुद्रण करणारा माणूस सुरुवातीला कंटाळून बसलेला असतो. पहिले गाणे सुरू होते आणि तो ताठ बसतो. रात्र संपल्यावर सगळे मोटारीत बसून तिथल्या साध्या स्पीकरवर तीच गाणी ऐकतात, कारण लोक शेवटी अशाच स्पीकरवर ऐकणार. हे आम्हांला फार पटले.

आणि बाप! दुकानाला मुलाच्या हाताची गरज आहे, बायको वारली आहे. मुलगा भीतभीत गाणी ऐकवतो. बाप ऐकतो, मनापासून वाखाणतो आणि लंडनला जा म्हणतो. वर पैशाचाही हात देतो. ज्या आईबापांनी आम्हांला विचारले, त्यांनी हा प्रसंग पाहावा. मात्र हेही पाहावे की मुलाने तोवर दुकानातले काम सोडलेले नाही.

हा चित्रपट तयार झाला तोही असाच. नायकाच्या भूमिकेसाठी आधी किलियन मर्फी हा नामवंत नट ठरला होता. तो बाजूला झाला आणि मोठा पैसाही गेला. मग कार्नी यांनी, जे गाणी लिहिणार होते त्या ग्लेन हॅन्सार्ड यांनाच उभे केले. हॅन्सार्ड यांनी तेराव्या वर्षी शाळा सोडून डब्लिनच्या रस्त्यांवर गायला सुरुवात केली होती, त्यामुळे नायकाचे जिणे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. कार्नीही एके काळी त्यांच्याच 'द फ्रेम्स' या वाद्यवृंदात वाजवत. नायिका झाल्या मार्केता इर्ग्लोव्हा, चेक देशातल्या, वय अवघे १७. आयरिश फिल्म बोर्ड या सरकारी संस्थेने पैसा दिला. एकूण खर्च दीड लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे त्या वेळच्या भावाने पासष्ट-सत्तर लाख रुपये. चित्रीकरण १७ दिवसांत उरकले. गर्दीच्या रस्त्यावर कॅमेरा लांब उभा केला, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्यांना पत्ताच लागू नये. एका मेजवानीचे दृश्य हॅन्सार्ड यांच्या राहत्या घरात घेतले. कार्नी यांनी आपले मानधन दोघा कलावंतांना देऊन टाकले आणि चित्रपट चालला तर वाटा देण्याचे कबूल केले. चित्रपट चालला. जगभरात त्याने दोन कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. २०१२ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याचे संगीत नाटक झाले आणि त्याला आठ टोनी पुरस्कार मिळाले.

इतके सगळे आवडूनही एका गोष्टीवर आमचे या चित्रपटाशी भांडण आहे.

शेवटी तो लंडनला जातो, आधीच्या प्रेयसीकडे आणि गाण्याच्या धंद्याकडे. जाताना तिच्यासाठी एक पियानो विकत घेऊन घरी पाठवतो. तिचा नवरा परत आलेला असतो. ती खिडकीजवळ पियानो वाजवताना दिसते आणि चित्रपट संपतो. पाहणाऱ्याचे डोळे भरतात; आमचेही भरले. पण हिशेब मांडून पाहा. त्याला गाण्यासाठी उठवले तिने. स्टुडिओचे भाडे उतरवले तिने. त्याच्या एका चालीला शब्द दिले तिने. ती रात्री चाल ऐकत बसलेली असते, यंत्रातले सेल संपतात, घरात सुटे पैसे नाहीत. ती मुलीच्या गल्ल्यातले पैसे काढते, उद्या परत करीन असे झोपेतल्या पोरीला सांगते आणि घरातल्या सपातांवरच दुकान गाठते. परतताना अंधाऱ्या रस्त्याने चालत ती आपले शब्द गाते. आमच्या मते सगळ्या चित्रपटात याहून मोठे दृश्य नाही. आणि स्टुडिओत, सगळे विश्रांती घेत असताना, तो तिला आग्रह करतो की तुझे एखादे गाणे म्हण. अंधाऱ्या खोलीत ती पियानोवर स्वतः रचलेले गाणे सुरू करते आणि मध्येच रडू कोसळून थांबते. ते गाणे तिथेच राहते. लंडनला जातात त्याची गाणी.

मुलगी, म्हातारी आई, संसार टाकून तिने जावे असे आमचे म्हणणे नाही. तिने घेतलेला निर्णय शहाणपणाचाही असेल. परंतु "मुलाला काय सांगावे" असे विचारणाऱ्या प्रत्येक घरात आम्हांला आता ती दिसू लागली आहे. कुणाची बहीण, कुणाची बायको. भावाची पेटी दुरुस्तीला नेऊन आणणारी, कार्यक्रमाच्या रात्री जेवण झाकून ठेवणारी. तिचा आवाज कसा आहे हे घरात किती जणांना ठाऊक असते?

पडद्याबाहेर मात्र वेगळे घडले. २४ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत ऑस्कर पुरस्कारांचा सोहळा होता. सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार या चित्रपटातल्या गाण्याला मिळाला. गाणे दोघांनी मिळून लिहिलेले. दोघे मंचावर आले. हॅन्सार्ड यांनी आभार मानले. मग मार्केता ध्वनिक्षेपकापाशी गेल्या आणि तोच वेळ संपली म्हणून वाद्यवृंद वाजू लागला. त्या एक शब्द बोलून माघारी फिरल्या. वय वर्षे १९, समोर कोट्यवधी प्रेक्षक, आणि तिच्या वाट्याचे बोलणे वाद्यांनी गिळले.

जाहिराती संपल्या. सूत्रसंचालक जॉन स्टुअर्ट यांनी मार्केता यांना पुन्हा मंचावर बोलावले आणि आता बोला म्हणाले. त्या सभेत असे सहसा होत नाही. त्या थोडेच बोलल्या. कोणाच्याही आधाराशिवाय झगडत गाणी करणाऱ्या सगळ्यांना त्यांनी तो पुरस्कार अर्पण केला. आम्ही इथे उभे आहोत, तेव्हा दूरचे स्वप्नही अशक्य नसते, अशा अर्थाचे सांगितले.

चित्रपटानंतर काही काळ ते दोघे खऱ्या आयुष्यातही एकत्र होते, पुढे वेगळे झाले, तरी एकत्र गाणे त्यांनी सोडले नाही. आणि २०११ साली मार्केता यांचा एकटीच्या नावाचा पहिला गाण्यांचा संग्रह निघाला. त्याचे नाव 'अनार'. शब्द फारसीतला आहे. आपण डाळिंब म्हणतो.