टॅलेंटचं कौतुक पुरे, कराचा आकडा सांगा

बहुराष्ट्रीय औषध कंपनी एखाद्या प्रदेशात का येते? प्रेस नोटमधलं उत्तर ठरलेलं असतं : तिथलं टॅलेंट. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, हा शब्द कॉलेजच्या प्लेसमेंटपासून ऐकतोय. तो आपल्याला गोड लागतो, कारण त्यात आपलंच कौतुक असतं. म्हणूनच तो तपासून घ्यायला हवा.

फायझर घ्या. ही अमेरिकी कंपनी १९६९ साली आयर्लंडमध्ये, कॉर्क बंदरावरच्या रिंगास्किडीत आली. तेव्हा तिथे शास्त्रज्ञांची फौज वाट बघत बसली नव्हती. त्या देशात माध्यमिक शिक्षण मोफत झालं तेच मुळी १९६७ मध्ये. होतं ते खोल बंदर आणि निर्यातीच्या नफ्यावर १९५६ पासून मिळणारी करमाफी. पुढे ती जाऊन कारखानदारीला १० टक्के कर आला, आणि २००३ मध्ये व्यवसायाच्या नफ्यावर १२.५ टक्के हा दर.

अजून शंका असेल, तर २०१५ आठवा. फायझरने अ‍ॅलर्गनशी १६० अब्ज डॉलरच्या विलीनीकरणाचा करार केला. दोघींत मोठी फायझर, पण नव्या कंपनीचं कायदेशीर घर आयर्लंड! एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने नियम आवळले आणि दोन दिवसांत करार मोडला. दोन दिवसांत कुठल्या देशाचं टॅलेंट आटतं?

मग सवलती वाटा आणि कंपन्या आणा, इतकं सोपं आहे का? तर नाही. पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावरही औषध कारखाने उभे राहिले, फायझरचेसुद्धा. १९७६ साली आलेलं अमेरिकी करकायद्यातलं कलम ९३६ त्यामागे होतं. १९९६ मध्ये वॉशिंग्टनने ते टप्प्याटप्प्याने गुंडाळायला घेतलं, २००६ पर्यंत संपवलं. त्या बेटाला अमेरिकी संसदेत मताचा अधिकार असलेला एकही प्रतिनिधी नाही. २००६ पासून बेट मंदीत गेलं, २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात. सगळं पाप त्या एका कलमाचं नाही, आणि कारखाने तिथे आजही आहेत. पण चावी दुसऱ्याच्या खिशात होती, हे खरं. आयर्लंडने कराचा दर स्वतः ठरवला आणि मिळालेल्या वर्षांत पोरं शिकवली. तिथलं टॅलेंट नंतर तयार झालं.

हे सगळं लांबचं वाटतंय? २००३ मध्ये केंद्राने हिमाचल आणि उत्तराखंडला उत्पादन शुल्क व प्राप्तिकरात सवलत दिली. मुंबईच्या सिप्ला, ग्लेनमार्कनेही हिमाचलातल्या बद्दीत कारखाने काढले. मुंबईची हुशारी काय रातोरात बद्दीला गेली होती?

कंपनी नफा बघते, यात तिचा दोष नाही. ते तिचं कामच आहे. दोष आपल्या टाळ्यांचा आहे. उद्या पुण्यात किंवा हैदराबादेत एखाद्या औषध कंपनीचं नवं केंद्र जाहीर होईल आणि टॅलेंटचे गोडवे गायले जातील. ती बातमी फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा : सवलत किती, किती वर्षं, ती काढून घेण्याचा अधिकार कुणाकडे? आणि तेवढ्या वर्षांत आपल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांवर सरकार किती खर्च करणार? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर आपण टॅलेंट नाही, सवलतीबरोबर आलेली फुकटची वस्तू आहोत.