वऱ्हाड कुणी विकले?

आमच्या मंठ्याला बढाई मारायला फारसे काही नाही; म्हणून आम्ही एक सरहद्द जपून ठेवली आहे. चहाच्या हॉटेलात पाहुणा बसला की कोणीतरी लोणारच्या वाटेकडे हात करून सांगतोच, "ते पलीकडचे वऱ्हाड निजामाने इंग्रजाला विकले. तेव्हापासून तो देश वेगळा, हा वेगळा. अठ्ठेचाळीस सालापर्यंत आपण आंतरराष्ट्रीय सरहद्दीवर होतो!" पाहुणा मान डोलावतो. मीही डोलावली, नातवंडांनाही हीच गोष्ट सांगितली. त्या पापाचे परिमार्जन म्हणून हे लिहितो आहे.

वऱ्हाड विकले गेलेच नाही. इंग्रजांनी हैदराबादच्या गळ्यात एक फौज बांधली, हुकूम आपला ठेवला आणि खर्च निजामाच्या नावे मांडला. बाकी तुंबली, तेव्हा १८५३ च्या तहाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड ताब्यात घेतले. १८६० साली ५० लाखांचे कर्ज माफ केले, धाराशिवही परत दिले. वऱ्हाड मात्र सोडले नाही! पहिल्या सालारजंगाने ते परत मागण्यात हयात घालवली. विकलेली वस्तू कोणी परत मागतो काय? १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा लिहून घेतला. १९३६ च्या करारातही सार्वभौमत्व निजामाचेच मानले. त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला.

ज्याच्या आजाची जमीन सावकाराच्या घशात गेली, त्या शेतकऱ्याला गहाण आणि विक्री यांतला फरक मी का समजावून सांगावा? 'विकले' म्हटले की सावकार सुटतो. पैसे मोजले, माल घेतला, व्यवहार मिटला! निजामाची वकिली मी करीत नाही. या दोघांच्या कागदांवर वऱ्हाडातल्या एकाही कुणब्याचा अंगठा नाही, हे मला सांगायचे आहे.

आता ती 'आंतरराष्ट्रीय' सरहद्द. १९४७ नंतर निजामाला स्वतंत्र राष्ट्र व्हायचे होते. त्याने प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपर्यंत नेले. पण नोव्हेंबर १९४७ च्या 'जैसे थे' करारात परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, दळणवळण पूर्वीप्रमाणे दिल्लीशीच बांधलेले होते. आमची वेस ही दोन राष्ट्रांची वेस आहे, हा दावा निजामाचा आणि रझाकारांचा. तो मोडण्यासाठी माणसांनी तुरुंग भोगले, जीव दिले. आणि आम्ही? १७ सप्टेंबरला सकाळी झेंडावंदन करतो आणि संध्याकाळी हॉटेलात बसून निजामाचाच दावा फुशारकीने सांगतो!

वऱ्हाडकरांनीही हसू नये. ते आम्हांला 'मोगलाईतले' म्हणत आले. पण बादशहाच्या बाजूच्या मुबारिझखानाला मारून निजामाने आपले राज्य पक्के केले, ती १७२४ ची लढाई झाली साखरखेर्ड्याला, म्हणजे त्यांच्याच बुलढाणा जिल्ह्यात. मोगलाई बुडाली ती त्यांच्या अंगणात. नाव मात्र चिकटले आम्हांला!

"जाऊ द्या हो, गोष्टच आहे," असे मित्र म्हणतात. कसे जाऊ द्यावे? १९५६ साली दोन्ही मुलुख एका राज्यात आले. तरी सोयरीक जुळवताना 'ते पलीकडचे' हा शब्द अजून निघतो, तो याच गोष्टीच्या आधाराने. लोणारच्या एस.टी.त बसले की ती सरहद्द केव्हा ओलांडली, हे कंडक्टरलाही सांगता येत नाही. ती जमिनीवर नाही; आमच्या जिभेवर आहे. नातवंडांना मी पुन्हा बसवून सांगितले आहे : वऱ्हाड विकले नव्हते, गहाण अडकले होते, आणि माणसे दोन्हीकडे आपलीच होती.