आरोग्य सल्ला : सायकल आणि गुडघेदुखी

प्रश्न : माझ्या २६ वर्षांच्या मुलाने रेसिंग सायकलला बूट अडकवायचे पेडल बसवले. तेव्हापासून त्याचा गुडघा आतल्या बाजूने दुखतो. त्याने सायकल सोडावी का?
– एक वाचक भगिनी, जयनगर, बंगळूर

उत्तर : सहसा सोडावी लागत नाही. या पेडलवर पाऊल एकाच कोनात जखडले जाते. कोन चुकला, की गुडघ्याला पीळ पडतो. बुटाच्या तळाची क्लीट सैल करून, चालताना पाऊल जसे पडते त्या कोनात ती बसवावी. शिमानोच्या लाल क्लीटमध्ये पाऊल मुळीच वळत नाही, पिवळीत ६ अंश वळते. म्हणून पिवळी वापरावी. सीटही तपासावी. ती खाली असल्यास गुडघा बहुधा समोरून दुखतो, फार उंच असल्यास मागून. सूज आली किंवा गुडघा अडकू लागला, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.