काटा लालवर गेला की थांबा



परवा नातवाने मोबाइलवर एक अमेरिकन खेळ दाखवला. डिमोलिशन डर्बी म्हणतात त्याला. जुन्या मोटारी चिखलाच्या मैदानात एकमेकींवर आदळायच्या, शेवटपर्यंत जी चालत राहील ती जिंकली. आपण गोटमारीच्या मुलखातले, आपल्याला काय नवल! पण एक गोष्ट पाहून मी सरसावून बसलो. बहुतेक ड्रायव्हर गाडी उलटी चालवून मागच्या बाजूने टक्कर देत होते. कारण पुढे रेडिएटर. तो फुटला की पाणी गेलं, आणि पाणी गेलं की इंजिन गेलं. म्हणजे जी गाडी मोडायलाच आणली, तिचंही रेडिएटर तो माणूस जपतो. आणि आपण जमीन गहाण ठेवून आणलेल्या ट्रॅक्टरचं काय करतो?

मी कॉमर्सवाला, मेकॅनिक नाही. पण बँकेत असताना ट्रॅक्टरची कर्जं बरीच केली आणि त्यातली काही थकलेलीही पाहिली. पाऊस नाही, संत्र्याला भाव नाही, ही कारणं सगळ्यांना माहीत आहेत. इंजिन गरम होऊन बसलं हे कारण फाइलीत कोणी लिहीत नाही. मीही लिहिलं नाही.

एक प्रसंग सांगतो. नाव-गाव सांगत नाही. एप्रिल महिना, गव्हाची मळणी चालू. ट्रॅक्टर जागेवर उभा, थ्रेशर जोडलेला, सकाळपासून इंजिनाला उसंत नाही. काटा लालमध्ये गेला. रोजंदारीचा ड्रायव्हर मालकाला म्हणाला, "भाऊ, थोडं थांबू द्या जी." मालक म्हणाला, "दोनच पोते राहिले, होऊ दे." दोन पोती व्हायच्या आत रेडिएटर उकळला. घाईघाईत झाकण उघडलं, ड्रायव्हरचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. मग कोणीतरी त्या तापलेल्या इंजिनात विहिरीचं गार पाणी ओतलं. हेडला तडा गेला. दुरुस्तीत हप्त्याचे पैसे गेले, हप्ता थकला आणि नोटीस काढली मी. पुढे तो ट्रॅक्टर विकला गेला. विम्याचे कागद मी वेळेवर तपासले होते, पण विमा अपघाताचा असतो. इंजिन बिघडलं तर तो साधारणपणे पैसे देत नाही. त्याच ट्रॅक्टरच्या तपासणी अहवालावर काही महिन्यांपूर्वी मीच "चालू स्थितीत" लिहून सही केली होती. बॉनेट उघडून पाहिलं नव्हतं.

आता इंजिन तापतं कशानं, ते सरळ सांगतो. रस्त्यावरच्या गाडीला समोरून वारा लागतो. थ्रेशरवर उभ्या ट्रॅक्टरला वारा नाही, सगळी भिस्त पंख्यावर. पंखा हवा पुढून ओढतो, हवेबरोबर कुटार ओढतो आणि ते जाळीवर बसतं. जाळी बंद म्हणजे माणसाच्या नाकातोंडावर फडकं बांधून पळवल्यासारखं. म्हणून मळणीत दर दोन-तीन तासांनी इंजिन बंद करून जाळी साफ करावी. हवा मारायची ती पंख्याच्या बाजूने बाहेर, नाहीतर कुटार आणखी आत बसतं. पंख्याचा पट्टा ढिला नाही ना, तेही तेव्हाच पाहावं.

दुसरं पाणी. आपल्या बोअरच्या पाण्याने भांड्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, एवढाच त्यावर उपाय. कूलंट महाग पडतं म्हणणाऱ्यांनी हेडच्या कामाचं बिल एकदा विचारून यावं.

तिसरं झाकण. साधं पाणी 100 अंशांना उकळतं. झाकणाच्या दाबामुळे आतलं पाणी त्याच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडलं की दाब सुटतो, काही पाण्याची एकदम वाफ होते आणि वाफेसह उकळतं पाणी अंगावर येतं. झाकणाचं रबर झिजलं असेल तर दाबच राहत नाही, म्हणून ते वेळेवर बदलावं. काही मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकायला सांगतात. त्याने मूळ दुखणं जात नाही. थंडीत मात्र इंजिन लवकर तापत नाही, डिझेल जास्त खातं आणि झिजतं.

काटा चढला तर आधी भार काढा. पाणी शाबूत असेल आणि पंखा फिरत असेल तर दोन-चार मिनिटं इंजिन हळू चालू द्या. पाणी गेलं किंवा पट्टा तुटला असेल तर ताबडतोब बंद करा. पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकणाला हात नाही आणि पाणी नाही.

पण हे सगळं त्या ड्रायव्हरला माहीत नव्हतं का? निदान थांबायला हवं, एवढं त्याला नक्की कळलं होतं. थांबवायचा अधिकार नव्हता. माझं मत स्पष्ट आहे. ट्रॅक्टर तापून बसतो तो बहुतेक वेळा मालकाच्या घाईने, ड्रायव्हरच्या अडाणीपणाने नाही. पोळ्याला आपण बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकतो. बैल धापा टाकू लागला तर त्याला सावलीत बांधतो, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. काटा म्हणजे इंजिनाची धापच आहे.

तिगावहून चिचोंड्याकडे घाट चढताना मालगाडीला मागून जास्तीचं इंजिन लावतात, त्याला रेल्वेवाले बँकर म्हणतात. आम्ही बँकवाल्यांनीही चढावर असंच मागून बळ द्यायला पाहिजे होतं. आम्ही फक्त हप्ता मोजला. माझ्या मते आजही बँकेने ट्रॅक्टरचे पैसे देण्याआधी मालक आणि ड्रायव्हर दोघांना एक दिवस बसवून हे शिकवावं आणि तपासणीला जाणाऱ्याने बॉनेट उघडावं.

तोवर आपल्या हातात एवढं आहे. या हंगामात ड्रायव्हरला चारचौघांत सांगून ठेवा, "काटा लालवर गेला की बंद कर, मला विचारू नको."

त्या ड्रायव्हरच्या हातावरचा डाग अजून तसाच आहे. बाजारात भेटला की तोच आधी राम राम करतो.