क्षाराची परीक्षा कांद्यालाही हवी

निफाड तालुक्यातल्या सायखेड्याच्या गंगाथडीतली काळी, खोल जमीन पाण्याला चटकन वाट देत नाही. निचरा अडला की जमिनीखालचे पाणी वर येते. उन्हाळ कांद्याच्या दिवसांत ऊन तापले की तेच पाणी वर चढून उडून जाते आणि क्षार मागे राहतात. अशा रानात सरीपेक्षा वरंब्याचा माथा आधी पांढरा पडतो. माथ्यावरच्या रोपांचे शेंडे करपतात, पात बसते आणि काढणीला बारीक कांदा, म्हणजे गोल्टी, हाती येते.

हे दुखणे शंभर वर्षांहून जुने आहे. नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला आणि पंचवीस वर्षांतच त्याच्या काठची चांगली रानं खारावली. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. तम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या या खाऱ्या जमिनींवर मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यासाठी पुस्तिका लिहिली. त्याच सुमारास सायखेड्याच्या खालच्या अंगाला, नांदूर मध्यमेश्वरातून निघणाऱ्या गोदावरी कालव्यांचे काम चालू होते. पाणी आणण्याची घाई सगळ्यांना होती; जास्तीचे पाणी रानाबाहेर काढण्याची जबाबदारी मात्र शेतकऱ्यावर राहिली.

उसाच्या बाबतीत सरकारने पुढे बरेच केले. १९३२ मध्ये नीरेच्याच पट्ट्यात पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले. तिथे कालव्यांखालच्या मातीची शास्त्रीय वर्गवारी झाली आणि पुढे २००७ मध्ये क्षारपड रानातही तग धरणारा फुले २६५ हा उसाचा वाण आला. द्राक्षबागायतदारांनी डॉगरिज खुंटावर कलमे करून खाऱ्या पाण्यातून वाट काढली. कोकणच्या खाजणांसाठी पनवेलच्या केंद्राने भाताचे वाण दिले. कांद्याला मात्र खुंट बदलण्याची सोय नाही. जे सोसायचे ते त्याच्या स्वतःच्या मुळांनीच.

आणि ही मुळे फार नाजूक. मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये मांडलेले आकडे आजही जगभर वापरतात. मातीच्या संपृक्त अर्काची क्षारता, म्हणजे ई.सी., १.२ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की पुढच्या प्रत्येक एककाला कांद्याचे उत्पन्न १६ टक्के घटते. ई.सी. ३ धरा. बीटाला काही होत नाही, टोमॅटो ५ टक्के गमावतो, ऊस ८ टक्के, कांदा मात्र जवळजवळ २९ टक्के. एकाच बांधाला लागून असलेल्या दोन रानांत ऊसवाला निभावतो आणि कांदेवाल्याचा खर्चही निघत नाही, ते यामुळे. त्यात कांदेवाला बहुधा अल्पभूधारक असतो, हे मला जास्त सलते.

निफाड तालुक्याने देशाला कांद्याचे वाण दिले आहेत. एन-५३ खरिपासाठी निवडला गेला, एन-२-४-१ टिकवणीसाठी. चितेगाव फाट्यावरचे राष्ट्रीय बागवानी संशोधन प्रतिष्ठानाचे केंद्र तर सायखेड्याच्या शेजारीच. रंग, टिकवण, हंगाम या कसोट्या व्यापाराने लावल्या आणि त्या योग्यच होत्या. त्यांच्या जोडीला आता क्षाराची कसोटी हवी: नवा वाण प्रसारित करण्याआधी तो ई.सी. २ आणि ३ च्या रानात लावून पाहावा, रोपाचा तग आणि कांद्याचे वजन दोन्ही मोजावे, आणि ते आकडे बियाण्याच्या पिशवीवर छापावेत.

सोसणारा वाण आला म्हणून निचऱ्याचे काम मागे टाकता येणार नाही. वाण दोन-तीन हंगाम वेळ मिळवून देईल, रानातला एक किलो क्षारही तो बाहेर काढणार नाही. त्यासाठी चर हवेत, खाली सच्छिद्र पाइप हवेत, चोपणाला जिप्सम हवे आणि चरांतल्या पाण्याला नाल्यापर्यंत उतार हवा. एकट्या शेतकऱ्याच्या दीड एकरात तो उतार मिळत नाही. म्हणून चर योजना शिवारनिहाय आखायला हवी, तिचा खर्च सिंचनाच्या खर्चातच धरायला हवा. तोवर लागण वरंब्याच्या माथ्यावर न करता बगलेला करावी, आणि लागणीआधी माती तपासून घ्यावी.